विद्वानांचे बिऱ्हाड

वास्को शहराच्या पश्चिमेस, मुरगाव बंदराच्या माथ्यावर, हेडलॅण्ड सडा नावाचे पठार आहे. खाली जहाजे, वर वारा, आणि त्या वाऱ्यात उभी असलेली एक संशोधनसंस्था. ध्रुवप्रदेशांच्या अभ्यासासाठी ही संस्था १९९८ साली स्थापन झाली, आणि आज ती राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. अंटार्क्टिकाकडे जाणारी पहिली भारतीय मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली होती आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिने त्या हिमभूमीवर पाऊल ठेवले. तेव्हा या किनाऱ्याचा आणि त्या बर्फाचा संबंध तसा जुना आहे.

या केंद्रात काम करणारी तरुण मंडळी बर्फाच्या थरांतून हजारो वर्षांपूर्वीचे हवामान वाचतात. दिवसा असे काम करणारा माणूस संध्याकाळी शहरात उतरतो तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न मात्र अगदी ताजा असतो : घर कोठे घ्यावे, कसे घ्यावे, आणि घ्यावे की नाही? आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. म्हण करणाऱ्याने प्रबंध लिहून पाहिला नव्हता, एवढेच म्हणता येईल. कारण संशोधनाचे आणि पहिल्या घराचे वय दुर्दैवाने एकच असते. तिशीच्या आसपास माणसाची बुद्धी सर्वांत तीक्ष्ण असते, हाताशी प्रश्न असतो, रात्र अपुरी पडते. आणि नेमक्या त्याच वर्षांत संसार मांडायचा असतो.

थोडा हिशेब मांडून पाहू. चाळीस लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले, तर दरमहा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो आणि वीस वर्षांत ८३ लाखांहून अधिक रक्कम फेडावी लागते. आता दुसरा आकडा पाहा. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन संशोधन करणाऱ्या कनिष्ठ पाठ्यवृत्तिधारकास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता त्याहून निराळा. म्हणजे हप्ता गेल्यावर हाती दोन हजार तीनशे रुपये उरावयाचे! अर्थात एवढ्या कमाईवर एवढे कर्ज कोणी देत नाही, हा भाग वेगळा. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या मनुष्याचा दाखला शुभवर्तमानात आहे. आमचा संशोधक तसा अंदाज घेतो आणि उठून पुन्हा प्रयोगशाळेत जातो.

हा पेच नवा आहे असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु श्रोतेहो, हेडलॅण्ड सड्यापासून थोड्याच अंतरावर चिखली आणि सांकवाळ ही दोन गावे आहेत. आणि या दोन गावांशी जोडलेल्या एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांनी हाच पेच जन्मभर सोडविला. कोणी म्हणेल, तो सुटला नाही. त्या कुटुंबाचे नाव कोसंबी. धर्मानंद आणि दामोदर या पितापुत्रांच्या विद्वत्तेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या बिऱ्हाडावर फारसे नाही. आज तेवढ्यापुरतेच बोलावयाचे आहे.

त्याआधी एक जुनी व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. प्राचीन काळी विद्वानाच्या घराचा प्रश्न फार सोप्या रीतीने सोडविलेला होता, तो म्हणजे त्याला घरच द्यावयाचे नाही. बौद्ध भिक्षूस विहार होता, संन्याशास मठ होता. आमच्या गोव्यातच, राशोलच्या येशूसंघीय विद्यालयातून १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून बाहेर पडले. हजारो ओव्यांचा तो ग्रंथ मराठीत रचणाऱ्या त्या इंग्रज पाद्रीला छपराची चिंता करावी लागली नाही. संघ खोली देत होता, संघ जेवण देत होता, आणि त्याबदल्यात संसार संघाने ठेवून घेतला होता. हा सौदा ज्यांना मान्य नव्हता त्यांना राजाश्रय शोधावा लागे. त्यातलेही एक उदाहरण आपल्या मातीतले आहे. १५३४ साली गोव्यास आलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य राज्यकर्त्यांच्या मर्जीतला होता. मुंबई बेटच त्याला खंडाने मिळाले होते. तेथे त्याचे घर होते, बाग होती, आणि त्या बागेतल्या आंब्याविषयीही त्याने आपल्या ग्रंथात लिहिले. औषधी वनस्पतींवरील त्याचे संवाद १५६३ साली गोव्यात छापले गेले. १५६८ साली तो वारला. पुढे तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता असे ठरवून इन्क्विझिशनने १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. राजाच्या मर्जीवर उभारलेल्या घराचे वासे किती लवकर फिरतात, याचा याहून कठोर दाखला मला ठाऊक नाही. माझ्याच धर्माच्या नावाने हे झाले, म्हणून तो टाळून पुढे जाणे योग्य वाटले नाही.

विहार, राजाश्रय आणि पगार या विद्येच्या तीन आश्रयांपैकी तिन्ही एका आयुष्यात अनुभवलेला मनुष्य म्हणजे धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांकवाळास झाला. त्या गावाला घर सोडण्याची सवयच होती असे म्हटले तरी चालेल. सोळाव्या शतकात तेथील लक्ष्मीनृसिंहाला गाव सोडून वेलिंगला जावे लागले होते. धर्मानंदांच्या घरची नारळाची बाग होती आणि तरुणपणी तिची देखरेख त्यांच्याकडे होती. शाळेचे शिक्षण जेमतेम झालेले. चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी त्यांचा विवाह लहान वयातच झाला होता. माडांना पाणी घालावे, पाडेली आला की नारळ मोजून घ्यावेत, रात्री तुकारामांचे अभंग वाचावेत, असे ते जीवन. अशातच बुद्धाच्या चरित्राविषयी एका मराठी बालमासिकात आलेला लेख त्यांच्या वाचनात आला आणि मनाने घर सोडले. शरीराने सोडावयास आणखी दोन वर्षे लागली. वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, ते बाहेर पडले. थोरली मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मलेली होती.

पुढचा प्रवास त्यांच्या ‘निवेदन’ या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट, ग्वाल्हेर, मग काशी. काशीत संस्कृत शिकावयाचे आणि अन्नछत्रात जेवावयाचे. तेथून नेपाळ, मग सिंहलद्वीप, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगलांजवळ पालीचे अध्ययन, मग ब्रह्मदेश. अन्नछत्र, विहार, धर्मशाळा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे. या वर्षांत त्यांनी जी विद्या मिळविली ती घर सांभाळून मिळाली असती का? मला वाटते, नसती. पाली भाषेचे शिक्षण त्या काळी महाराष्ट्रात नव्हते आणि सांकवाळात तर त्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते. ज्याला ते हवे होते त्याने समुद्र ओलांडणे भाग होते.

पण जमाखर्चाच्या वहीला दुसरे पान असते. १८९९ च्या अखेरीपासून १९०६ पर्यंत बाळाबाई गोव्यात होत्या, कडेवर मूल होते आणि नवरा परागंदा होता. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीचे स्थान काय असे, ते सांगावयास नको. विधवेला निदान एक निश्चित, कितीही क्रूर असली तरी निश्चित, जागा होती. नवरा जिवंत असून नसलेल्या स्त्रीला तीही नव्हती. १९०६ साली धर्मानंद परतले. परंतु १९१० साली ते अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात गेले ते १९१२ पर्यंत. पुन्हा १९१८ साली गेले ते १९२२ पर्यंत. बेरीज केली तर पहिल्या तेवीस वर्षांतली बारा-तेरा वर्षे या घरात घरधनी नव्हता. दुसऱ्या वेळी माणिक आणि दामोदर ही दोन मुले त्यांच्याबरोबर गेली. धाकट्या मुलींना घेऊन बाळाबाई मागे राहिल्या. पतीने लिहिलेले आत्मचरित्र उपलब्ध आहे. पत्नीने लिहिलेले नाही. या त्यागाची थोरवी सांगताना त्याग कोणाचा, हे आपण नीट विचारीत नाही, असे मला पुष्कळदा वाटते.

धर्मानंदांना याची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. १९०६ साली परतल्यावर त्यांनी कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम पत्करले. नोकरी चांगली होती. तरीही आपली विद्या मराठी माणसांच्या उपयोगी पडावी या इच्छेने त्यांनी ती सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले साहाय्य स्वीकारले. दरमहा ५० रुपये, मुदत तीन वर्षांची. अट एवढीच की महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक ग्रंथ लिहावा. ही अट मला फार बोलकी वाटते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही मुदतीची पाठ्यवृत्ती होती. तीत ग्रंथाची हमी होती, गावाची मोकळीक होती; फक्त तीन वर्षांनंतर काय, याचे उत्तर नव्हते. पन्नास रुपयांत पुण्यास बिऱ्हाड होऊ शके; घर होऊ शकत नसे.

याच ठिकाणी हार्वर्डच्या कामाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. धर्मानंद तेथे गेले ते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठी. हे काम सुरू केले होते हेन्री क्लार्क वॉरन या बॉस्टनच्या धनिक पंडिताने. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने तो पंगू झालेला होता, उंच मेजाशी उभा राहून वाचीत असे. विद्यापीठाला लागून त्याचे स्वतःचे घर होते. त्या घरातच त्याचे सारे संशोधन चाले, आणि १८९९ साली वारताना ते त्याने हार्वर्डला देऊन टाकले. साल लक्षात घ्या. ज्या वर्षी वॉरन आपल्या घरात अपुरा ग्रंथ ठेवून मरण पावला, त्याच वर्षी सांकवाळचा एक तरुण आपले घर सोडून बाहेर पडला. आणि तो अपुरा ग्रंथ पुढे या तरुणाच्या हाती आला. श्रेयाच्या प्रश्नावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे पटले नाही आणि १९१२ साली ते परतले. ग्रंथ अखेर छापून निघाला तो १९५० साली. तोवर धर्मानंदांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. बापट, भागवत यांच्यासारखे पाली पंडित याच काळात त्यांच्या हाताखाली तयार झाले. बाळाबाईंच्या वाट्याला सलग संसार आला तो मुख्यतः याच वर्षांत. महाविद्यालयाचा पगार म्हणजे विहार आणि राजाश्रय यांनंतरचा तिसरा आश्रय. तो थोडा असतो, पण पहिल्या तारखेला येतो, आणि पहिल्या तारखेला येणाऱ्या पैशावरच घर उभे राहते.

नेमके याच सुमारास मुंबईत मध्यमवर्गीयांच्या घराच्या इतिहासातले एक मोठे पाऊल पडत होते. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. कारकून, शिक्षक, वकील यांनी भाग घ्यावेत, संस्थेने जमीन व इमारत उभारावी आणि सभासदांनी भाड्याच्या रूपाने ती फेडावी, ही कल्पना आज सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. त्या वेळी ती धाडसी होती. हप्त्याने घर घेण्याची वाट पगारदार माणसाला अशी हळूहळू मोकळी झाली. केवळ गृहकर्जासाठी काढलेली हसमुखभाई पारेखांची वित्तसंस्था आली ती तर १९७७ साली, त्यानंतर बासष्ट वर्षांनी. त्याआधी माणसे भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती पडली की घर बांधीत. म्हणजे घर बांधावयाचे आणि निवृत्त व्हावयाचे एकाच वर्षी.

गोव्याच्या माणसाला तर आणखी एक वळसा होता. त्याचे घर एका गावी आणि पोट दुसऱ्या शहरी. डिचोलीस १८७७ साली जन्मलेले वामन वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, यांनी मुंबईत नोकरी करीत इतिहाससंशोधन केले आणि १९२८ साली गोवेकरांच्या गोव्याबाहेरील वसाहतींवरच पुस्तक लिहिले. त्यांच्या भाषाविषयक मतांशी अनेक मराठी वाचकांचे पटणार नाही. तो वाद येथे नको. परंतु परगावी बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसाने आपल्या लोकांच्या बिऱ्हाडांचा इतिहास लिहावा, यात एक स्वाभाविकता आहे.

आता मुलाकडे वळू. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. अकराव्या वर्षी वडिलांबरोबर अमेरिकेस गेलेला हा मुलगा १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन परतला. पुढची चार वर्षे पाहिली की आजच्या कोणत्याही तरुण संशोधकाला ओळख पटेल : काशी हिंदू विद्यापीठ, तेथून अलीगढ, तेथून १९३३ साली पुणे. चार वर्षांत तीन शहरे, तीन नोकऱ्या. मध्ये, १९३१ साली, नलिनी मडगावकर यांच्याशी विवाह. पुण्यास वडिलांच्याच फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले आणि मग स्थिरावले. भांडारकर इन्स्टिट्यूट रस्त्यावर त्यांचे घर होते. १८९९ साली धर्मानंद ज्या भांडारकरांना भेटावयास अनवाणी मनाने आले होते, त्यांचेच नाव त्या रस्त्याला लाभले आहे. वडिलांची विद्यायात्रा जेथून सुरू झाली तेथे मुलाने मुक्काम केला.

हा मुक्काम त्यांनी कोणत्या किमतीने राखला, ते पुढे दिसते. १९४५ साली डॉ. होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलाविले. गंमत अशी की या संस्थेलाही त्या वेळी स्वतःचे घर नव्हते. ती बंगळूरला सुरू झाली, वर्षाअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात भाड्याच्या जागेत आली, आणि तोही बंगला म्हणजे भाभांचेच जन्मस्थान. १९४९ साली ती गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली. कुलाब्याच्या टोकावर स्वतःच्या इमारतीत तिचा गृहप्रवेश झाला तो १९६२ साली. देशाच्या अग्रगण्य विज्ञानसंस्थेने सतरा वर्षे बिऱ्हाडात काढली.

संस्था मुंबईत, घर पुण्यात. सामान्य मनुष्याने घर हलविले असते. कोसंबींनी ते हलविले नाही. १९३० साली सुरू झालेली डेक्कन क्वीन ही गाडी सकाळी पुण्याहून सुटे आणि संध्याकाळी मुंबईहून परत निघे; कोसंबी तिने रोज जात-येत. एका बाजूचे अंतर १९२ किलोमीटर; म्हणजे रोजचे ३८४ किलोमीटर आणि रुळांवरचे सहा तासांच्या आसपास. आज पुण्या-मुंबईत असा प्रवास करणारे हजारो आहेत, परंतु त्या काळी एखाद्या गणितज्ञाने रोज घाट उतरून गणित करावयास जावे, हा कुतूहलाचा विषय होता. गाडीत ते वाचीत असत. घर आणि संशोधन यांच्यामध्ये सह्याद्री उभा होता, आणि त्यांनी त्याचे वाचनालय केले.

हे त्यांनी का केले? पुण्यात भांडारकर संस्थेचा हस्तलिखितांचा संग्रह होता, मित्र होते, मुलींच्या शाळा होत्या. ही कारणे कोणालाही सुचतील. परंतु मला त्याहून मोठे एक कारण दिसते, आणि ते त्यांच्या पुस्तकांतच लिहिलेले आहे. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली निघाली; प्राचीन आहत नाण्यांची वजने घेऊन त्यांनी झिजेच्या गणितावरून चलनाचा इतिहास मांडला. इथवर ठीक आहे. हे काम ग्रंथालयात आणि तराजूवर होते. पण १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांच्या ग्रंथात त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. भारतात भूतकाळ मेलेला नसतो, तो वर्तमानाच्या शेजारी राहतो, हे दाखविण्यासाठी त्यांनी दूरचे उदाहरण घेतले नाही. आपल्या घराचा परिसर घेतला. एका बाजूस सुशिक्षितांचे बंगले, महाविद्यालय आणि संशोधनसंस्था. हाकेच्या अंतरावर पाले ठोकून राहणारे फासेपारधी, वैदू आणि त्यांच्या देवता. शिकारी-संग्राहक जीवनापासून विसाव्या शतकापर्यंतचे टप्पे त्यांना पायी फिरण्याच्या टापूत सापडले. घरामागच्या टेकड्यांच्या उतारांवर ते सूक्ष्माश्म, म्हणजे अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारे, वेचीत. ज्या उतारांवर पुणेकर सकाळी हवा खावयास जात, तेथे हा मनुष्य खाली मान घालून दगड वेचीत चाले.

तात्पर्य न सांगताही एक भेद नजरेत भरतो. वडिलांना विद्येसाठी घर सोडावे लागले; मुलाला घर हेच विद्येचे साधन झाले. एका जागी दीर्घकाळ राहिल्याखेरीज अशी दृष्टी येत नाही. पावसाळ्यानंतर कोणत्या उतारावर माती धुपून दगड वर येतात, पालांची वस्ती कोणत्या महिन्यात येते आणि कोणत्या महिन्यात उठते, रस्त्याकडेच्या शेंदूर फासलेल्या दगडाला नैवेद्य कोण आणते, हे दोन वर्षांच्या मुदतीवर आलेल्या पाहुण्याला कळत नाही. मुदतीच्या नेमणुकांवर माणसे गावोगाव फिरविणाऱ्या आजच्या संशोधनव्यवस्थेला या प्रकारचे ज्ञान कोठून मिळणार आहे, हा प्रश्न कोणी तरी विचारावयास हवा. घराची ओढ म्हणजे संशोधनातला व्यत्यय, असे वरिष्ठ मंडळी मानतात. कोसंबींच्या बाबतीत तरी पुरावा उलट आहे.

येथे नलिनीबाईंचे नाव पुन्हा घेतले पाहिजे. नवरा सकाळी डेक्कन क्वीनने गेला आणि रात्री परतला की मधला सारा दिवस घर कोणी तरी चालविलेले असते. बाळाबाईंच्या वाट्याला वर्षांची अनुपस्थिती आली, त्यांच्या सुनेच्या वाट्याला दिवसांची. एका पिढीत एवढी प्रगती झाली, असे म्हणावयाचे झाल्यास म्हणता येईल. या घरातल्या तिसऱ्या पिढीच्या मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या, स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासाला त्यांनी आयुष्य दिले, आणि आजोबांचे ‘निवेदन’ इंग्रजीत आणले ते त्यांनीच. घरातल्या स्त्रियांचा प्रश्न घरातूनच संशोधनाचा विषय होऊन बाहेर पडला.

दामोदर कोसंबींनी सांकवाळ आणि त्याच्या परिसराला विसरलेही नव्हते. गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावकरी पद्धतीवर त्यांनी १९४७ साली लेख लिहिला. पुढे तो त्यांच्या १९६२ च्या निबंधसंग्रहात आला. गावची जमीन एकट्याची नसून गावकऱ्यांच्या संघाची, तिचे उत्पन्न सर्वांचे, अशी ती व्यवस्था. स्कंदपुराणातील कथा एकीकडे आणि शेताच्या बांधाचा पुरावा दुसरीकडे ठेवून त्यांनी तिचा शोध घेतला. ज्या जमिनीतून त्यांचे आजोबा, वडील आणि माडांची बाग यांचा संबंध तुटला, तिच्याकडे ते पुण्याच्या घरात बसून पाहत होते. त्याच सांकवाळात आज बिर्लांच्या तंत्रविज्ञान संस्थेचे संकुल उभे आहे आणि तेथेही दर वर्षी कोणी तरी तरुण प्राध्यापक दोन पेट्या आणि पुस्तकांची खोकी घेऊन उतरतो.

धर्मानंदांची अखेरची वर्षे त्यांच्या स्वभावाला अनुसरून गेली. हार्वर्ड, लेनिनग्राड, गुजरात विद्यापीठ, काशी असा फेरा चालूच होता. मुंबईत परळला श्रमिकांच्या वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. आयुष्यात त्यांच्या हातून उभी राहिलेली वास्तू ती, आणि तीही विहारच. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला, अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला.

मुलाचे वेगळे झाले. १९६२ साली, टाटा संस्था स्वतःच्या नव्या इमारतीत गेली त्याच वर्षी, तिने कोसंबींच्या नेमणुकीची मुदत पुढे वाढविली नाही. डेक्कन क्वीनचा प्रवास थांबला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते मुदतीच्या नेमणुकीचे संशोधक म्हणून बेकार झाले; पण बेघर झाले नाहीत. सकाळच्या गाडीची घाई आता राहिली नव्हती. टेकड्या होत्या, हस्तलिखिते होती, नाणी होती. याच काळात प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचे पुस्तक पुरे झाले आणि १९६५ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी, २९ जून १९६६ च्या पहाटे, पुण्यात, झोपेतच त्यांना मृत्यू आला.